किस्तूरीचं वजन

आदर्श नगर, जयपूर
४ जुलै २०२४

चि. उत्कर्षा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव. पण फाडू नकोस. फोनवर तू माझा नंबर बंद केलायस. निहाररावांना विचारलं तर ते "बरी आहे" एवढंच म्हणतात. बाबांशी तू दर रविवारी बोलतेस आणि ते फोन घेऊन बाल्कनीत जातात. माझ्याच घरात माझ्यापासून लपून बोलणं चालतं, हेही बघायचं राहिलं होतं. म्हणून आता पत्र. तू हिंदी शाळेत शिकलीस, मराठी वाचायला तुला जड जातं, तेव्हा अक्षर मोठं आणि सुटं काढतेय.

ते थालीपिठाचं अजून मनात धरून बसू नकोस. गेल्या वर्षी गणपतीला आलीस, पुण्याच्या डॉक्टरांनी तुला गहू बंद केलाय हे सांगितलंस, मी भाजणीची थालीपिठं केली, आणि त्यानंतर आठ दिवस तू अंथरुणाला खिळलीस. मी तेव्हाच सांगितलं, भाजणीचे दोन डबे सारखे दिसतात, चुकून गव्हाचा उघडला गेला. माणसाच्या हातून चूक होते. एका चुकीला दहा महिने अबोला, हे आमच्या मिरजेत तरी मी ऐकलं नव्हतं.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्या भगिनी मंडळाने जगतपुऱ्यात, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत, लहान मुलांसाठी पोषण केंद्र काढलंय. एक भाड्याची खोली, वर पत्रे, आणि पाच वर्षांच्या आतली अडतीस पोरं. दुपारी गव्हाचा गरम दलिया द्यायचा आणि घरी न्यायला कणकेचे लाडू. लाडवाची कृती माझी. तुपात खमंग भाजलेली कणीक, गूळ, दाण्याचं कूट. प्रतिमाजी म्हणून वस्तीतलीच एक शिकलेली बाई आहे, तक्ते ती भरते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आढ्याला काटा टांगतात, त्याला कापडाची झोळी, आणि एकेक पोर त्यात बसवून वजन घेतात. दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. हिरव्यावर आली तर बरं, पिवळ्यावर आली तर लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका.

आज तो गुरुवार होता. रांगेत एक अडीच वर्षांची पोरगी होती, किस्तूरी नावाची. मी तिला उचलायला वाकले. अडीच वर्षांचं मूल म्हणून जेवढा जोर लावायचा तेवढा लावला, आणि तिच्यासकट माझे हात पार खांद्यापर्यंत वर गेले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसं झालं. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि ती पोर माझ्याकडे बघत राहिली. आठ किलो तीनशे. पोट तेवढं पुढे, हातपाय म्हणजे काड्या, केसांचा रंग गवतासारखा. पट्टी लाल. अजून माझ्या हातांतून ते हलकेपण जात नाहीये.

मी तिथल्या तिथे प्रतिमाजींना सांगितलं, ही माझी. दिवाळीपर्यंत हिला हिरव्यावर आणून दाखवते. मला जमतं ते. तुला नाही का वाढवली? तूही अशीच किरकोळ, सारखी पोट दुखतं म्हणून रडणारी. पण पानात टाकायचं नाही हा आपल्या घरचा नियम. दोन-दोन तास ताटावर बसायचीस, पण पोळी संपवूनच उठायचीस. त्यावरच मोठी झालीस.

उत्तर लिही. दोन ओळी पुरेत.

तुझी आई

•

आदर्श नगर
२३ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षा,

उत्तर आलं नाही. नसू दे. मला लिहायचंय ते मी लिहिणार, कारण बाबांना सांगितलं तर ते पेपरात डोकं घालतात.

ऑगस्टच्या गुरुवारी किस्तूरीचं वजन आठ किलो शंभर भरलं. महिनाभर दलिया आणि रोजचे दोन लाडू देऊन दोनशे ग्रॅम कमी. मी प्रतिमाजींशी भांडले. त्या म्हणाल्या, पोरगी इथे दोन घास खाते, बाकीचं तिची आई डब्यात घालून घरी नेते. मी म्हटलं, चला, घर बघू.

घर म्हणजे विटांवर टाकलेला पत्रा. आई मनभर, वय पंचविशीचं असेल, बांधकामावर विटा वाहते. आम्ही पोचलो तेव्हा ती नव्हती. दारात शेळी बांधलेली होती आणि शेळीच्या पुढ्यात माझा लाडू. माझाच. मी प्रत्येक लाडवाला अंगठ्याने खळगा पाडते, तो तसाच होता. मी शेंगदाणे निवडून घेतले, कणीक भाजताना पाऊण तास उभी राहिले, आणि तो लाडू शेळी खातेय. मला तर घेरीच यायची राहिली. इकडे पोर काड्यांसारखी आणि तिकडे शेळीच्या अंगावर तुकतुकी.

तेवढ्यात मनभर आली. तिने नाकारलंही नाही, हे बघ. चोर तो चोर वर शिरजोर. म्हणाली, "आंटीजी, इसको गेहूँ नहीं पचता। खाती है तो पतला जाता है, पेट फूल जाता है। मैं चावल का माँड देती हूँ, मक्की की राबड़ी देती हूँ।"

म्हणे जुलाब होतात, म्हणून भाताची पेज आणि मक्याची आंबील देते. गहू पचत नाही! राजस्थानातल्या पोरीला! आता मला सांग, तुमचं हे पुण्यातलं फॅड रेल्वेलाइनच्या पलीकडे कसं पोचलं? मला तुझीच आठवण झाली. तीच मान खाली घालून बोलण्याची पद्धत, तोच हट्ट. मला इतका संताप आला की गल्लीतल्या दहा बायांसमोर मी तिला विचारलं, तू आई आहेस की वैरीण.  तिने पोरीला कडेवर घेतलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. डबा घरी न्यायचा नाही. जे खायचं ते केंद्रात, आमच्या डोळ्यांसमोर. नाही आणलं पोरीला तर नाव कापणार, आणि मग आमची दवाखान्याची चिठ्ठीही मिळणार नाही. मनभर आता रोज आणून सोडते. माझ्याशी बोलत नाही. न बोलणाऱ्यांची मला आता सवय झालीय.

आई

•

आदर्श नगर
८ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

दिवाळीचा फराळ पाठवला नाही, कारण तू खाणार नाहीस. बाबा म्हणाले, नुसती चिवड्याची पिशवी पाठव, पोह्यांत गहू नसतो. मी म्हटलं, मागितल्याशिवाय नाही.

एक विचित्र गोष्ट झालीय. कुणाला सांगावी कळत नाही म्हणून तुला सांगते.

सप्टेंबरच्या गुरुवारी किस्तूरी आणखी खाली उतरली होती. सात किलो नऊशे. मी स्वतः भरवत असताना. मग आमच्या केंद्राचे पत्रे गळायला लागले. ते बदलायचे, त्यात नवरात्र, त्यात दिवाळी, असं करत केंद्र जवळजवळ सात आठवडे बंद राहिलं. मनभर पोरीला घेऊन लालसोटकडे माहेरी गेली, बाजरीच्या कापणीला. मला धास्ती, परत येईल तेव्हा पोर जिवंत तरी असेल का.

काल वजनापुरती खोली उघडली, तेव्हा आली. मी ओळखलंच नाही. स्वतःच्या पायांनी चालत आली, माझ्या बांगड्या ओढल्या, प्रतिमाजींची ओढणी ओढली आणि खिदळली. मी हे पोर हसताना कधी पाहिलंच नव्हतं. झोळीत बसवलं. आठ किलो नऊशे.

एक किलो, उत्कर्षा. आमच्या दलियाशिवाय आणि माझ्या लाडवांशिवाय. मी म्हटलं काटा बिघडलाय. शक्यच नाही. तांदळाची पाच किलोची बंद पिशवी टांगून पाहिली, पाच भरली. तरी मी ऐकलं नाही. मंडळाच्या साधनाताईंच्या ओळखीच्या दवाखान्यातून दुसरा काटा मागवला. त्यावरही आठ नऊशे. तरी प्रतिमाजींना मी तक्त्यात त्या महिन्यापुढे "काँटा खराब" असं लिहायला लावलं. त्यांनी लिहिलं. लिहिताना हळूच म्हणाल्या, गाँव में बाजरा खाया होगा, नानी घर की चक्की पे पीसती है। मी म्हटलं, बाजरीत असं काय सोनं असतं?

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, "शालन, पोरगी आपल्याशिवाय सुधारली याचा तुला राग आलाय का?" मी पानं वाढायची तशीच टाकून उठले.

सोमवारपासून केंद्र पुन्हा सुरू. आता चढलेलं वजन मी उतरू देणार नाही. मांडीवर घेऊन भरवीन.

का कोण जाणे, ती खिदळली तेव्हा मला तू आठवलीस. तू इतकी कधी हसत होतीस का गं लहानपणी? मला आठवेना.

आई

•

आदर्श नगर
१२ डिसेंबर २०२४

उत्कर्षा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर निहाररावांना विचार.

किस्तूरी दवाखान्यात आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात. परवापासून.

मी मांडीवर घेऊन भरवत होते. रोज, चार आठवडे. ती तोंड घट्ट मिटायची. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसंच केलं. दोन बोटांनी नाक धरायचं, तोंड उघडलं की दलिया आत. तुझ्यावरच शिकले होते ते. वाटी संपली की मी प्रतिमाजींना रिकामी वाटी दाखवायचे. प्रतिमाजी दुसरीकडे बघायच्या. पाच तारखेच्या गुरुवारी सात किलो सहाशे भरलं. मी म्हटलं थंडीने असेल. उद्यापासून लाडू कुस्करून दलियात घालू.

सोमवारी तिला आणलं नाही. मंगळवारी दुपारी मनभर आली. पोरीला फडक्यात गुंडाळून. मी खुर्चीवर बसले होते. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"लो आंटीजी। अब आप ही खिलाओ।"

बास. एवढंच बोलली. मी फडकं सारलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पोट फुगलेलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. फडकं सगळं भिजलेलं होतं. समोर दलियाचं पातेलं उकळत होतं आणि सदतीस पोरं वाट्या घेऊन बसली होती. मला काही सुचेना. मी खरंच चमचा उचलला, उत्कर्षा. सवयीने. माझ्या हाताने चमचा उचलला. मनभरने तो माझ्या हातातून काढून घेतला.

प्रतिमाजींनी ऑटो आणली. वाटेत मी देवाचं नाव घेत होते आणि मनभर पोरीच्या ओठांना पाणी लावत होती. वॉर्डातली डॉक्टर तुझ्याएवढीच असेल. सलाइन लावलं, रक्त घेतलं, आणि मग विचारायला लागली. काय खाते, कधीपासून, कधी बरी होती, कधी बिघडली. तारखा मी सांगत होते, मला पाठच होत्या. केंद्र सुरू, वजन खाली. केंद्र बंद, वजन वर. केंद्र सुरू, वजन खाली. माझ्याच तोंडून मी ऐकत होते.

डॉक्टर लिहायची थांबली. तिने विचारलं, गव्हाने त्रास होतो असं घरात कधी कुणाच्या लक्षात आलं नाही का?

मनभर गप्प राहिली. मीही.

रिपोर्ट दोन दिवसांनी येईल. मला तो कळून चुकलाय.

आई

•

आदर्श नगर
७ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा,

रिपोर्ट आला त्याला आता दोन महिने होत आले. सीलिएक. डॉक्टरने तो शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं तूच मागे उभी राहून बोलतेस. गणपतीत तू हाच शब्द मला चार वेळा सांगितला होतास आणि मी म्हटलं होतं, असले रोग आमच्या वेळी नव्हते. डॉक्टर म्हणाली, इकडे गहू खाणाऱ्या मुलखात अशी मुलं बरीच सापडतात, वेळेवर कळलं तर नुसतं जेवण बदलून बरी होतात. वेळेवर. तिच्या आईला ते आधीच कळलं होतं.

किस्तूरी वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. तीन दिवस तर डॉक्टर आमच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हती. ते तीन दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते, मनभरने आत येऊ दिलं नाही. बरोबरच होतं तिचं. बाबा डबा घेऊन यायचे, तो तसाच परत जायचा. बाहत्तर वर्षांच्या माणसाला मी जिने चढायला लावले.

आता दोन गोष्टी लिहायच्यात. दोन्ही मी आधी वेगळ्या लिहिल्या होत्या.

डॉक्टरने विचारलं तेव्हा मी गप्प राहिले असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी म्हणाले, "नहीं, किसी ने नहीं बताया।" मनभर माझ्या शेजारी उभी होती. दहा बायांसमोर तिने मला सांगितलं होतं, मी तिला वैरीण म्हटलं होतं, आणि आता तिच्याच तोंडावर मी म्हणाले कुणी सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघायलाही वळली नाही. मग तिने स्वतःच डॉक्टरला सगळं सांगितलं, शेळीपासून. डॉक्टरने ते लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट तुझी. भाजणीचे डबे सारखे दिसत नाहीत. एकावर निळं झाकण आहे, एकावर स्टीलचं. तू येणार म्हणून मी नवी भाजणी केली होती, त्यात मी दोन वाट्या गहू भाजून घातला. मुद्दाम. मला बघायचं होतं, तुला न सांगता दिलं तर काही होतं का. मला पक्की खात्री होती की काही होणार नाही, आणि मग मी सगळ्यांसमोर हसून सांगणार होते, बघा, थालीपीठ पचलं की नाही. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "आई, ह्यात गहू नाही ना?" मी तव्यावरून नजर न काढता म्हटलं, "नाही."

तू आजारी पडलीस तरी मला पटलं नाही. मला वाटलं, प्रवासाचं असेल. असं वाटत राहिलं म्हणूनच मला तोंड वर करून जगता आलं. आता नाही येत. कुठून ही बुद्धी झाली मला, कळत नाही. पोटच्या पोरीची परीक्षा घेतली आणि नापास झाल्यावर पेपर लपवला. पुढे परक्याच्या पोरीचीही घेतली. तिचा लपवता आला नाही एवढंच.

काल पहिला गुरुवार होता. किस्तूरी आठ किलो सहाशे. मी मंडळाला सांगितलंय, गव्हाबरोबर बाजरी-मक्याचंही शिजवायचं, आणि जी आई "पचत नाही" म्हणेल तिचं आधी लिहून घ्यायचं. साधनाताईंना वाटतं मी जरा खचलेय. तक्त्यातलं "काँटा खराब" मी माझ्या हाताने खोडलं आणि शेजारी खरं वजन लिहिलं.

काल मी किस्तूरीसाठी घरून बाजरीची राब, म्हणजे पातळ पेज, करून नेली होती. ताजी बाजरी आणली, निवडली, दळून आणली, नवं पातेलं काढलं. आपलं कुठलंही भांडं वापरलं नाही. वाटीत घालून मनभरपुढे धरली. तिने वाटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"इसमें गेहूँ तो नहीं है?"

तुझेच शब्द.  खरं होतं, उत्कर्षा, या वेळी खरंच नव्हता. मी म्हणाले, "नहीं।" तिने वाटी माझ्या हातात परत दिली. रागाने नाही. मग कमरेचं फडकं सोडलं, त्यातून स्वतःचा डबा काढला आणि पोरीला भरवायला बसली. मी ती वाटी घेऊन तशीच घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. बाबा आत येऊन बघून गेले. नंतर पाहिलं तर बाल्कनीत तुला फोन लावून उभे होते.

मला माफ कर असं लिहायला तोंड नाही. काम आहे म्हणून लिहितेय. मनभरला लिहिता-वाचता येत नाही, दवाखान्यातला कागद इंग्रजीत आहे, आणि माझ्या "नाही"वर तिचा भरवसा नाही. तू दोन वर्षं हे पाळतेस. पोरीने काय खायचं, काय नाही, कशात काय लपलेलं असतं, ते मला लिहून पाठव. प्रतिमाजी वाचून दाखवतील. माझं नाव सांगणार नाही.

आई

•

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

आई,

तुझे पाचही पत्र माझ्याकडे आहेत. चार मी उघडले नव्हते. बाबा फोनवर रडले, मतलब मी त्यांना कधी रडताना ऐकलंच नव्हतं, म्हणून काल सगळे एकत्र वाचले. मला वेळ लागला. निहारने मदत केली. माझं मराठी असंच आहे, चुका काढू नको.

हे किस्तूरीसाठी. प्रतिमाजींना सांग मनभरला दोनदा वाचून दाखवायला. बाजरी, मका, ज्वारी, चावल, सगळ्या डाळी, अंडं, दूध चालतं. गहू, जौ, सूजी, मैदा, दलिया, सेवई अजिबात नाही, एक चमचा पण नाही, प्रसाद पण नाही. बिस्किट कोणी दिलं तर हातातून काढून घ्यायचं, वाईट वाटलं तरी. बाजारातल्या हिंगात आटा मिसळलेला असतो, तर हिंगवाली डाळ नको. तिची परात, चमचा आणि पातेलं वेगळं ठेवायचं. लग्नात गेले तर घरून डबा न्यायचा.

आणि आई, ती बाजरी तू कुठे दळली? कोपऱ्यावरच्या चक्कीवर ना? तिथे दिवसभर गहू दळतात. त्याच दगडांमधून तुझी बाजरी आली. त्यात गहू होता. तुला माहीत नव्हतं, पण होता. नानीकडे घरच्या चक्कीचं होतं म्हणून ती तिथे ठीक झाली. मनभरने कटोरी परत दिली ते एकदम बरोबर केलं. तिला सांग मी असं म्हटलंय.

आता थालीपीठ.

मला माहीत होतं. पहिल्या घासालाच. तुझ्या भाजणीची चव मी तीस वर्ष खाल्ली आहे, गहू नसता तर वेगळी लागली असती. ती तीच होती. मी वर बघितलं. तू समोर बसली होती, हात गुडघ्यावर ठेवून, लहानपणी बसायची तशी, मी संपवेपर्यंत न हलता. मी तिन्ही थालीपीठ संपवले. पानात टाकायचं नाही ना.

तुला वाटतं मी तू खोटं बोललीस म्हणून बोलत नाही. ते आहेच. पण मी एकतीस वर्षांची होते आणि तुझ्यासमोर ताट सोडून उठू शकले नाही, त्याचा मला जास्त राग आहे, आणि तो मला झोपू देत नाही. किस्तूरीने तोंड तरी बंद केलं. मी ते पण नाही केलं.

मी अजून फोन करणार नाही. निहार म्हणतो कर. नाही.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिचं वजन कार्डावर लिहून पाठव. मनभरसमोर काट्यावर बघून, जे असेल ते. बाकी काही लिहू नको. फक्त वजन.

उत्कर्षा